काळ्या पाण्याचे लेबल

दि. ४ मार्च

आदरणीय दादा,

सादर नमस्कार.

हे पत्र लिहिणारा मी तुमच्या दिवंगत धाकट्या बहिणीचा पती; वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे छप्पन्न, बिस्किटांच्या कारखान्यात लेबल तपासणी विभागाचा प्रमुख. पुड्यावर छापल्या जाणाऱ्या घटकांच्या यादीखाली माझी सही पडल्याखेरीज छपाई सुरू होत नाही. आपल्यात एकोणीस वर्षे पत्रव्यवहार नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या अंत्यविधीला तुम्ही शेवटच्या रांगेत उभे होतात, तेव्हाही बोलणे झाले नाही. म्हणून ही ओळख नव्याने देणे मला उचित वाटले.

हेतू एकच आहे. जहाजावर नोकरीस असताना तुम्ही तिथल्या जपानी आचाऱ्याकडून जो मुरवलेला बांगडा शिकलात आणि प्रत्येक सुट्टीत आमच्या घरी येऊन करीत होतात, तो मला करावयाचा आहे. तुमच्या बहिणीच्या पाककृतींच्या वहीत या पदार्थाला स्वतंत्र पान आहे. परंतु त्या पानावर "दादा करतो तसे" एवढे तीनच शब्द आहेत.

तेव्हा कृपया लेखी कृती पाठवावी. प्रत्येक जिन्नस किती मिलिलिटर, मासा किती मिनिटे मुरवावा, आच किती, याचा खुलासा असावा. "अंदाजे", "बेताने", "थोडेसे" हे शब्द टाळल्यास उपकार होतील. जेवावयास येणाऱ्या व्यक्तीला गहू पूर्णतः वर्ज्य आहे, हेही ध्यानात घ्यावे. जेवण रविवार, दि. ६ एप्रिल रोजी दुपारी आहे.

कळावे,
तुमच्या बहिणीचा पती


दि. ९ मार्च

मेहुणेबुवा,

ओळख करून दिलीत, बरं केलंत. नाहीतर एकोणीस वर्षांनी हा कोण भला माणूस मला मिलिलिटर विचारतोय, म्हणून मी डोकं खाजवत बसलो असतो. तुम्ही छप्पन्नचे झालात म्हणजे मी सहासष्टचा झालो. तुमच्या पत्रामुळे कळलं, आभारी आहे.

"दादा करतो तसे." हे वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं. चहा टाकला होता, तो उतू गेला. धाकटीने "तसं" लिहिलं असणार, तुम्ही त्याचं "तसे" केलंत. लेबलमास्तर तुम्ही, मजकूर दुरुस्त केल्याशिवाय पुढे कसा पाठवाल!

आता कृती. दोन बांगडे घ्या, काटा काढून चार तुकडे करा. मीठ चोळा आणि वीस मिनिटं त्यांना त्यांच्या नशिबावर सोडा. पाणी सुटेल ते पुसून टाका, सगळा वास त्या पाण्यात असतो. मग काळं पाणी एक बशी, मिरीन एक बशी, ती तांदळाची गोड दारू. आलं अंगठ्याच्या पेराएवढं, किसून. तिळाचं तेल नावाला. यात मासा अर्धा तास मुरू द्यायचा. जास्त ठेवलात तर चपलेला लावायच्या कामाचा होईल. तव्यावर टाकण्याआधी परत पुसा, नाहीतर गोडामुळे करपतो. आधी सालीची बाजू खाली. आणि तुमच्यासारख्या माणसाला मुद्दाम सांगतो, घड्याळ बघून उलटू नका. साल शेकली की मासा आपणहून तवा सोडतो, तोवर थांबायचं. उरलेलं पाणी वेगळं खळखळून उकळा, आटवा, वरून ओता. झालं.

बशी म्हणजे कुठली बशी, हे विचारणारं पत्र तुम्ही पाठवणार, म्हणून आत्ताच सांगतो. तुमच्या घरात निळ्या काठाची एक बशी होती. धाकटीच्या हातून कप फुटायचे, बश्या उरायच्या. तीच.

काळं पाणी आठवतं ना? जहाजावरच्या पाच लिटरच्या डब्यातला सोया सॉस मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणायचो. त्यावर चिकटपट्टी लावून मीच लिहिलं होतं, "काळं पाणी". धाकटी म्हणायची, "दादा, ही बाटली कपाटात दिसली ना, की आमच्या ह्यांचा चेहरा शिक्षा झाल्यासारखा होतो. लेबल नाही ना तिच्यावर!" शेवटी काळ्या पाण्यावर रवाना झालो तो मीच.

गव्हाचं म्हणाल, तर आपण मासा पिठात घोळवत नव्हतोच. गहू येणार कुठून? बिनधास्त करा. कोणी मोठे साहेब जेवायला येत असतील, तर त्यांना सांगा, हा पदार्थ करणाऱ्याने त्या दिवसानंतर एकदाही मासा तव्यावर टाकलेला नाही.

दादा


दि. १४ मार्च

आदरणीय दादा,

पत्र पावले. निळ्या काठाची बशी मिळाली. कारखान्यातील मापाची काचनळी आणून तिच्यात मावणारे पाणी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा बासष्ट मिलिलिटर भरले.

जेवावयास येणारी व्यक्ती म्हणजे साहेब नव्हेत. तुमची भाची आहे.

दोन वर्षांपूर्वी तिला सीलिअ‍ॅक हा विकार असल्याचे निदान झाले. गव्हातील आणि जवातील ग्लुटेन पोटात गेले, की तिच्या आतड्याला आतून इजा होते. चिमूटभर पीठही चालत नाही. निदानानंतर ती प्रथम घरी आली, तेव्हा मी तिला छातीठोकपणे म्हणालो होतो, "यात गहू नाही, मी स्वतः बघितलंय." सूप मी बाजारातील तयार वडी घालून केले होते. सुपाच्या वडीत दाटपणासाठी मैदा असतो. वडीभोवतीच्या आतील कागदावर तसे छापलेलेही होते, परंतु मी बाहेरचे खोके तेवढे वाचले होते. ती चार दिवस अंथरुणावर होती. मला एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून ती येते, बसते, हसते, आणि जेवणाच्या वेळी पिशवीतून स्वतःचा डबा काढते. त्या डब्यासमोर मी माझे ताट घेऊन बसतो. या सहा एप्रिलला तिने माझ्या हातचे चार घास खावेत, एवढीच माझी इच्छा आहे. लहानपणी तिला या माशाचा वास आला, की ती जिन्यातूनच "मामा आला, मामा आला" असे ओरडत येई, म्हणून हाच पदार्थ निवडला.

आता कृतीतील एक गंभीर त्रुटी निदर्शनास आणतो. काल दुकानात सोया सॉसच्या सात बाटल्या वाचल्या. सहांवर घटक पुढीलप्रमाणे: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. गहू त्यात दिसत नाही, परंतु सॉस आंबवताना वापरलेला असतो. म्हणजेच तुमच्या काळ्या पाण्यात गहू होता. सातव्या बाटलीवर, जिला तामारी म्हणतात, केवळ पाणी, सोयाबीन आणि मीठ होते, ती घेतली. मिरीनचेही असेच. काहींत माल्ट, म्हणजे जवाचे सत्त्व, घातलेले असते, म्हणून केवळ तांदळाचे पाहून घेतले.

तुम्ही आणीत होतात त्या डब्यावरील मजकूर तुम्ही कधी वाचला होता काय, हे कळवावे.

आपला नम्र


दि. २३ मार्च

मेहुणे,

डब्यावरचा मजकूर जपानी होता. मला जपानी येत नाही. आचारी म्हणाला घाल, मी घातलं. मी आणलं, मी भरलं, चिकटपट्टीवर मीच लिहिलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. वाचलं नव्हतं.

पत्र आल्यापासून पाच दिवस हाच हिशोब करतोय, की मी किती वेळा आलो आणि पोरीला किती वेळा खाऊ घातलं.

आता तुम्ही विचारलंच आहे, तर न विचारलेलंही सांगून टाकतो. त्या रविवारी मी तुम्हांला "आजचा मासा" म्हणालो होतो. तो आदल्या दिवशीचा होता. बर्फात होता, डोळा स्वच्छ होता, वास नव्हता. जहाजावर आम्ही तीन-तीन दिवसांचा खायचो. पण मी "आजचा" म्हणालो आणि तो कालचा होता. पोरगी संध्याकाळपर्यंत ओकत राहिली. तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "दादा, यापुढे या घरात तुमचं काही शिजायला नको." मला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. एकोणीस वर्षं नव्हती.

म्हणजे माझा गुन्हा एक नव्हता, दोन होते. दुसरा तुम्ही शोधून काढलात. शोधणारच, तुमचं कामच ते.

कृती तुमच्याकडे आहे, तामारी तुम्हांला मिळालंय. पोरीला नीट जेवू घाला. मला यात परत ओढू नका.

दादा


दि. २६ मार्च

दादा,

तुमचे पत्र आज दुपारी मिळाले आणि लगेच लिहावयास बसलो. मागील पत्रात मी त्रुटी दाखविली ती कृतीतील होती, तुमच्यातील नव्हे. वाक्य मी पुन्हा वाचून पाहिले. त्यातून तसा अर्थ निघत नाही, हे मान्य करतो. मी लेबलाची भाषा लिहिली. लेबलाला समोर कोण आहे हे ठाऊक नसते.

जे मी तेव्हा लपविले, ते आता लिहितो.

कारखान्यात दर आठवड्याला नव्या पुड्यांचे नमुने माझ्या टेबलावर येत. तपासणी झाली, की त्यांतील बिस्किटे मी पत्र्याच्या पिवळ्या डब्यात भरून घरी नेई. दाराशी पाऊल वाजले, की तुमची भाची धावत येई आणि डबा मी तिच्याच हातून उघडवीत असे. तिला खारूताई हे नाव तुम्हीच दिले होते, कारण ती दोन्ही हातांत बिस्कीट धरून कडेकडेने कुरतडत असे. चार वर्षांची असल्यापासून तिचे पोट दुखे, वजन भरत नसे. आणि मी म्हणे, "अंगाला काही लागत नाही पोरीच्या, अजून दोन दे."

डॉक्टरांना मी त्या रविवारविषयी विचारले. ते म्हणाले, "एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारचं मी काय सांगणार? पण लहानपणापासूनचं ते पोटदुखणं, ते मात्र गव्हाचंच." म्हणजे त्या दिवशीचे कारण आता कोणीही सिद्ध करू शकणार नाही. परंतु त्या सकाळी मी नवा डबा उघडला होता, आणि तुम्ही येण्यापूर्वी तिने सहा बिस्किटे खाल्ली होती. तुमचा मासा ती जेमतेम दोन घास खाऊन उठली. सहा आणि दोन. हे दोन्ही आकडे मला दारात उभा असतानाही माहीत होते. घरात शंका आली तेव्हा मी बोट माशाकडे दाखविले, कारण मासा तुमचा होता आणि बिस्किटे माझी.

तुमच्या बहिणीने पुढची पंधरा वर्षे मला दोष दिला नाही. फक्त घरात पुन्हा बांगडा आणला नाही. एकदा बाजारात मीच म्हणालो, "घेऊ या का दोन?" ती म्हणाली, "करणार कोण?" आणि पुढे चालू लागली.

दादा, मी तुमची क्षमा मागतो. याला कोणतीही अट किंवा तळटीप नाही.

सोबत एक पुडके आहे. त्यात तुमच्या बहिणीचा लाकडी उलथना आहे. चिनीमातीची बशी घासून वापरता येते, तवा नवा आणला, गाळणी नवी आणली. परंतु लाकडाच्या रेषांत जुने पीठ बसून राहते, त्यामुळे लाकडी वस्तू या स्वयंपाकघरात ठेवता येत नाहीत. पोळपाट टाकून दिला. हा उलथना दोनदा कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेला आणि दोनदा परत आणला. टाकवत नाही आणि ठेवता येत नाही. तुमच्याकडे असावा.

सहा तारखेला तुम्ही यावे, हे लिहिण्याचा अधिकार मला आहे किंवा नाही, याची मला खात्री नाही. तरी लिहितो. यावे.

आपला


दि. ३१ मार्च

मेहुणेबुवा,

उलथना पोचला. धाकटी डावरी होती ना, म्हणून टोक उजव्या बाजूने झिजलंय. मी उजव्या हाताने धरला तर बसेना, मग डाव्या हातात घेतला आणि तसाच बराच वेळ बसून राहिलो. आमच्याकडे गव्हाचं कोणालाच वावडं नाही, तेव्हा तो इथे कामाला लागलाय. काल त्याने कांदा परतला.

क्षमेचं काय ते झालं. तळटीप नाही म्हणालात, ते वाचून हसू आलं. तुमचं तेवढंच एक पत्र असेल आयुष्यातलं.

आणि कालचा मासा मी आजचा म्हणून आणला होता, ते विसरू नका. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन मला फुकटात सोडू नका. आपण दोघांनी तिला खाऊ घातलं, आणि दोघांनाही माहीत नव्हतं की काय खाऊ घालतोय.

पण बिस्किटांचं मला लिहून काय उपयोग? मी काय बिस्किटं खाल्ली? ते तिला सांगा. जेवणाआधी नको, जेवण झाल्यावर. आधी सांगितलंत तर ती तुम्हांला बरं वाटावं म्हणून जेवेल, आणि तसं जेवलेलं मोजायचं नसतं.

मी अकराला येतो. मासा मी आणतो. त्याच दिवशीचा, आणि या वेळी खरंच. मी येईपर्यंत आल्याला हात लावू नका, तुम्ही ते ग्रॅमवर किसाल. मी घरून निघताना अंगावरचे कपडे बदलून येईन, हात तुमच्याकडे धुवीन. अजून काही वर्ज्य असेल तर दारावर लेबल लावून ठेवा.

दादा


दि. ७ एप्रिल

आदरणीय दादा,

काल तुम्ही आमच्याच स्वयंपाकघरात होतात, तरीही हे पत्र लिहितो. काही गोष्टी तुमच्या पाठीमागे घडल्या, म्हणजे अक्षरशः पाठीमागे, कारण तुम्ही ओट्याकडे तोंड करून उभे होतात. त्या तुम्हांला कळविणे मी माझे कर्तव्य समजतो.

ती आली, तेव्हा तुम्ही तुकडे पुसत होतात. तुम्ही वळलात, ती दाराशी थांबली आणि म्हणाली, "मामा, जिन्यात वास नाही आला अजून!" तुम्ही म्हणालात, "थांब जरा, खारूताई. आत्ता कुठे मुरायला टाकतोय." इथपर्यंत तुम्हांला ठाऊक आहे.

तामारीच्या बाटलीवर मी आदल्या दिवशी स्वतः लेबल लिहून चिकटविले होते. वर "काळं पाणी". त्याखाली घटक: पाणी, सोयाबीन, मीठ. त्याखाली, "गहू नाही", आणि माझी सही. ही बाटली मी टेबलावर तिच्या समोर, लेबल तिच्या बाजूला करून ठेवली होती. ती हल्ली प्रत्येक बाटली उचलून मागून पुढून वाचते, म्हणून ही सोय.

तुम्ही मासा तव्यावर टाकलात. मी घड्याळ पाहून म्हणालो, "दादा, चार मिनिटं झाली." तुम्ही म्हणालात, "थांबा हो. सोडेल तो." नेमक्या त्या वेळी तिने पिशवीतून तिचा डबा अर्धा बाहेर काढला होता. मी तिकडे पाहणे टाळले. डावाने भात मोकळा करू लागलो, जो आधीच मोकळा होता. मग पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. डबा पुन्हा आत गेला होता आणि चेन लावलेली होती.

ती म्हणाली, "बाबा, वाढा ना."

मी म्हणालो, "आधी लेबल वाच."

"अक्षर तुमचंच आहे ना?"

"हो."

"मग वाचायचं काय त्यात?"

बाटली तिने उचलली नाही. मी भात वाढला. त्याच वेळी तुम्ही "सोडला, सोडला" असे ओरडलात आणि तुकडा उलटलात, आणि त्या गडबडीत माझ्या चष्म्यावर वाफ आली असे समजून तुम्ही मला फडके दिलेत. वाफ नव्हती. हे नोंदवून ठेवतो.

जेवण झाल्यावर, तुम्ही तिकडे तवा घासत असताना, मी तिला पिवळ्या डब्याविषयी सांगितले. सहा आणि दोन, सर्व. ती काही वेळ बशीच्या निळ्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, पोटात दुखायचं ते आठवतं मला. पण आधी तो डबा उघडल्याचा आवाज आठवतो. तो घट्ट बसायचा ना, तुम्ही एका बाजूने धरायचात आणि मी दुसऱ्या." त्यानंतर ती म्हणाली, "मामाला इतकी वर्षं येऊ दिलं नाहीत, त्याचा मात्र मला राग आहे. तो लगेच जाणार नाही." मी म्हणालो, "जाऊ नये." हेही तुम्हांला कळावे.

तुम्ही गेलात आणि ती गेली. सुपाच्या वेळी तिला तीन तासांत त्रास सुरू झाला होता, म्हणून मी तिन्ही तास फोनशेजारी बसून होतो. फोन वाजला नाही. मला वाटले, त्रास होत असेल, पण सांगत नसेल. आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन आला. "बाबा, काही झालेलं नाही. अगदी काही नाही. मासा उरलाय का?"

उरलेला नव्हता. तुम्ही तवा पुसून खाल्लात.

तुमच्या बहिणीची वही आज काढली. तुम्ही काल सांगितलेली आणि मी कागदावर टिपलेली संपूर्ण कृती त्या पानावर उतरवावी, असा विचार होता. मिनिटे, मिलिलिटर, आच, सर्व. पेन हातात घेतले आणि लक्षात आले, की पान पूर्ण आहे. मी त्यात दोनच शब्द वाढविले: "गहू नाही". आणि खाली सही केली.

मूळ मजकुराविषयी तुमचा अंदाज बरोबर होता. तिने "तसं" असेच लिहिले आहे. मी तपासून पाहिले.

आपला
लेबलमास्तर

स्थळ : स्वयंपाकघर, ओट्यालगतचे टेबल
दिनांक : ७ एप्रिल